तिथीची पाऊणपट

बाबांची बॅग उघडली तेव्हा कुळथाच्या पिठाच्या पिशवीखाली पंचांग निघालं. "हे इथे कशाला?" म्हटलं, तर म्हणाले, "समुद्राला जायचंय म्हणालीस ना?" पंचांग मोबाइलवरही दिसतं, आणि फ्रान्सच्या समुद्राला आपल्या तिथ्यांशी काय देणंघेणं, हे सगळं तोंडापर्यंत आलं होतं. बोलले नाही. बाबा निवृत्त गणिताचे मास्तर. हातात पुरावा असल्याशिवाय त्यांच्याशी वाद घालायचा नाही, हे लहानपणीच शिकलेय.

बेत असा होता: २ नोव्हेंबर २०२५ ला पॅरिसला भाड्याची गाडी घ्यायची, नॉर्मंडीच्या किनाऱ्याला लागायचं, ब्रिटनीला वळसा घालून दक्षिणेला उतरायचं आणि १२ तारखेला सकाळी नांतला गाडी परत करायची. आई गुडघ्यांमुळे माझ्या घरीच, नातवाजवळ थांबणार होती. नोव्हेंबरच का, तर ऑफिसातून रजा तेव्हाच मिळाली, हे खरं कारण. खोल्या निम्म्या भावात मिळतात हा शोध नंतरचा. या दिवसांना इथे 'ओर सेझों' म्हणतात, म्हणजे हंगामाबाहेरचे. हॉटेलवाला हा शब्द उसासा टाकून म्हणतो, गावात राहणारा हसून.

पहिल्याच दिवशी एत्रताला मात्र चिक्कार गर्दी. शाळांच्या सुट्टीचा तो शेवटचा रविवार होता. चित्रकार मोनेने पुन्हा पुन्हा रंगवलेले पांढऱ्या खडूचे कडे, त्यातली समुद्रात उतरलेली कमान, सगळं माणसांच्या डोक्यांवरून बघितलं. बाबांनी किनाऱ्यावरचा एक गुळगुळीत गोटा खिशात टाकला. इथून गोटे उचलायला बंदी आहे, दंड होतो, असं सांगितल्यावर त्यांनी तो काढून जिथून उचलला होता बरोबर तिथेच ठेवला. गोट्यांनी भरलेल्या अख्ख्या किनाऱ्यावर 'तिथेच' म्हणजे कुठे, ते त्यांनाच ठाऊक.

सोमवारी शाळा उघडल्या आणि किनारा झाडून काढल्यासारखा रिकामा झाला. ऑनफ्लरच्या पुढे एका गावात खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद, आइस्क्रीमच्या टपरीला ताडपत्री, हॉटेलच्या दारावर 'एप्रिलमध्ये भेटू' अशी चिठ्ठी. बाबा पहिला फ्रेंच शब्द शिकले तो 'फेर्मे'. बंद. पुढे नऊ दिवस गाडी गावात शिरली की ते दोन्ही बाजूंच्या पाट्या मोठ्याने वाचत: फेर्मे, फेर्मे, फेर्मे, आणि मग एकदम, "अगो, थांब, उघडं आहे!" उघडी असायची ती बहुतेक वेळा औषधाची दुकानं.

जेवणाचं गणित मी पहिले दोन दिवस चुकवलं. दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि सोमवारी तर बऱ्याच ठिकाणी उघडतच नाही. तिसऱ्या दिवसापासून सकाळीच बेकरीतून पाव घ्यायचा आणि डिकीत चीज, टोमॅटो, बाबांची कोकमाची बाटली, अशी शिदोरी सुरू केली. दिवसही आखूड. आठच्या सुमारास उजाडतं, सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो. म्हणजे बघायचं ते नऊ तासांत. गाडी चालवणाऱ्यासाठी आणखी एक: पॅरिसहून नॉर्मंडीला जाणाऱ्या ए-१३ वर आता टोलनाकेच उरलेले नाहीत. वरचे कॅमेरे नंबर टिपतात आणि ७२ तासांत तुम्ही आपण होऊन ऑनलाइन पैसे भरायचे. पावती नाही, दांडा नाही, काही नाही, त्यामुळे विसरायला फार सोपं. मला एकाहत्तराव्या तासाला आठवलं.

आरोमांशला पोचलो तेव्हा ओहोटी होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, दोस्त राष्ट्रांनी इथे समुद्रात उभारलेल्या कृत्रिम बंदराचे काँक्रीटचे ठोकळे अजून पाण्यात आहेत, काही तर वाळूत रुतून बसलेत. आम्ही एकाजवळ चालत गेलो. बाजूने हिरवट शेवाळ, शिंपल्यांचा थर, आत गंजलेल्या सळया. मी बाबांना सांगत होते की या किनाऱ्यावर उतरायचा दिवस ठरवताना त्यांच्या सैन्याला दोन गोष्टी हव्या होत्या: हवेतून उतरणाऱ्यांना रात्री चांदणं, आणि उजाडल्यावर लगेच ओहोटी संपून चढायला लागलेलं पाणी. वाळूत जर्मनांनी पुरलेले अडथळे उघडे दिसायला हवेत, आणि माणसं उतरवून झाल्यावर होड्याही पुन्हा तरंगायला हव्यात. हे जुळणारे दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात जेमतेम तीन. भरतीचे आकडे लिव्हरपूलजवळ चाकं आणि कप्प्यांच्या एका यंत्रावर काढले होते. ५ जूनला हवामान बिघडलं म्हणून ६ ला उतरले.

"सहा जूनला पौर्णिमा होती?"

"होती."

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमा," ते म्हणाले. "तिथी बघूनच उतरले की."

पुरावा त्यांच्या बाजूने जमायला लागला होता.

बायोचं टॅपेस्ट्रीचं संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद होतं, ते हंगामामुळे नव्हे. ते भरतकामाचं सत्तर मीटर लांब कापड २०२६ मध्ये लंडनला जाणार होतं. मों-सां-मिशेल, म्हणजे समुद्रातल्या खडकावरचा मठ, बघितलं. गाड्या लांब ठेवायच्या आणि पुलावरून चालत जायचं किंवा बसने. आम्ही चालत गेलो, समोरून वारा, बाबांची टोपी एकदा उडाली. बाकी त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

५ तारखेला संध्याकाळी सां-मालोत शिरलो. त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. उतरायला एका बाईंच्या घरची वरची खोली घेतली होती. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून वाटेत सुपरमार्केटच्या दारात बाबांना शेवंतीच्या कुंड्या दिसल्या. पिवळीधमक, गच्च फुललेली, आणि अर्ध्या किमतीत. मी पार्किंगचं यंत्र बघत होते तोवर ते कुंडी घेऊन आलेदेखील. चार वर्षं फ्रान्समध्ये काढून मला हे कळायला हवं होतं. १ नोव्हेंबर हा इथे मृतांच्या आठवणीचा दिवस, आणि शेवंती हे थडग्यावर वाहायचं फूल. म्हणून तर अर्धी किंमत. दार उघडलं, बाबांनी दोन्ही हातांनी कुंडी पुढे केली, आणि बाई क्षणभर तशाच उभ्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कोण गेलं?"

मी जीभ चावत सांगितलं की आमच्याकडे ही देवाला वाहतात, बायका वेणीत माळतात, गणपतीला हिचा हार असतो. बाईंनी शांतपणे ऐकलं. कुंडी घेतली, आभार मानले, पण घरात नेली नाही. फाटकाच्या आत, भिंतीशी ठेवली. रात्री खिडकीत बाबांनी छोटी मेणबत्ती लावली, तेव्हा ती कुंडी खाली अंधारात दिसत होती.

"इथे भरती किती वाजता?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडे दाभोळ खाडीवर भरतीची वेळ काढायची रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. भरती रोज साधारण पाऊण तास मागे पडते, त्याचं हे गणित. लहानपणी मला वाटायचं की हा समुद्राचाच नियम आहे, कुठल्याही समुद्राचा. सकाळी प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता भरती, असं बाबांनी जाहीर केलं. मी भरतीची छोटी पुस्तिका उघडली. ती इथे वर्तमानपत्राच्या दुकानात मिळते. साडेसातच्या सुमारास, पुस्तिका म्हणाली.

पुस्तिकेत वेळेच्या पुढे एक आकडा असतो, त्याला ते भरतीचा गुणांक म्हणतात. २० ते १२० च्या दरम्यान. ब्रेस्ट बंदरावरून काढलेला, पण सगळ्या किनाऱ्याला लागू. सत्तर म्हणजे मध्यम, शंभराच्या पुढे म्हणजे मोठं उधाण. त्या दोन-तीन दिवसांचा आकडा शंभराच्या वर होता. बाबांनी आकड्यांचा तो स्तंभ खालपर्यंत बोटाने वाचला. पुनवेला चढलेला, मग उतरत उतरत अष्टमीला पार खाली. "हे बघ, उधाण आणि भांग," ते म्हणाले. आमच्याकडे अष्टमीच्या मरतुकड्या पाण्याला भांग म्हणतात. "आपण नावं दिली, यांनी मार्क दिले."

सकाळी अंधारातच निघालो. किल्ल्याच्या तटाबाहेर सियोंचा लांब किनारा आहे, त्याच्या बांधाशी ओकच्या जाड बुंध्यांच्या रांगा उभ्या रोवलेल्या, लाटांचा जोर मोडायला. समोरच्या घरांच्या दारांना खाली फळ्या लावलेल्या होत्या. वारा फारसा नव्हता, त्यामुळे फोटोत दिसतात तशा घरांवरून जाणाऱ्या लाटा काही आम्हाला दिसल्या नाहीत. पण पाणी बांधाच्या काठाशी आलं होतं, आणि दर सात-आठ लाटांनी एक लाट बुंध्यांवर फुटून रस्त्यावर सांडत होती. उजाडताना दिसेना की वाळू कुठे आहे. दुपारी दोनला त्याच जागी आलो तर पाणी नाहीच. इतकं लांब गेलेलं की आवाजही येत नव्हता. सकाळी बेट असलेल्या ग्रां-बेवर लोक चालत निघाले होते, लेखक शातोब्रियांच्या कबरीकडे. तटाखाली समुद्राच्या पाण्याचा पोहायचा तलाव आहे, त्याची उडी मारायची तीन मजली चौकट सकाळी बरीचशी पाण्यात बुडालेली, आता वाळूत उघडी. इथे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत बारा-तेरा मीटरचा फरक पडतो. आमच्या खाडीत फार तर दीड-दोन पुरुष. बाबा सकाळी जिथे उभे होते तिथून खाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

"घरात शिरलं नाही हे यांचं नशीब," एवढंच म्हणाले. मग खिशातून पेन काढलं. दुसऱ्या दिवशी, द्वितीयेला, ते माझ्या आधी उठून पुस्तिका न बघता म्हणाले, "सव्वाआठ." पुस्तिकेत सव्वाआठच्या पुढे-मागेच वेळ होती. त्यांनी सरळ पावणेसात तास मिळवले होते. तिथीची पाऊणपट, अधिक पावणेसात. चंद्र तोच, पाणी अटलांटिकमधून खाडीत शिरून इथवर यायला घेतं तो वेळ वेगळा, म्हणून प्रत्येक बंदराचा अधिकचा आकडा वेगळा. हे त्यांनी मला पाचवीच्या वर्गाला समजावतात तसं समजावलं, आणि मी ऐकून घेतलं.

त्याच दुपारी कांकालला गेलो. कालवांचं गाव. बंदराच्या टोकाला, छोट्या दीपस्तंभाजवळ पाच-सहा गाडे असतात, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ताडपत्रीखाली. आकारानुसार नंबर लावलेले: पाच नंबर सगळ्यात लहान, शून्य सगळ्यात मोठं. उलटा क्रम बघून बाबा आधी विक्रेतीवरच संशय घ्यायला लागले. तीन नंबरची डझनभर घेतली. बाईने डाव्या हातात फडकं, त्यात कालव, उजव्या हातातल्या आखूड सुरीने बिजागरीशी एक हिसका, वरची शिंपली बाजूला. बारा कालवं दोन मिनिटांत, ताटलीत गोल मांडून मध्ये लिंबू. घाटाच्या पायऱ्यांवर बसून खायची आणि रिकाम्या शिंपल्या खाली किनाऱ्यावर टाकायच्या, तीच पद्धत. खाली शिंपल्यांचा पांढरा ढीग साचलेला असतो.

बाबांनी आयुष्यभर कालवं खाल्ली आहेत. खडकावरून टोचून काढलेली, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, वर कोकम. कच्चं मात्र कधीच नाही. पहिलं उचललं, लिंबू पिळलं, ते जरा आकसलं. बाबाही आकसले.

"जिवंत आहे गो."

"म्हणूनच ताजं."

डोळे मिटून त्यांनी ते गिळलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "समुद्राचं तीर्थ घेतल्यासारखं लागतं." दुसरं उचललं नाही. उरलेली अकरा मी खाल्ली, आणि त्यांनी प्रत्येक शिंपली निरखून, नेम धरून खाली टाकली.

समोर पाणी उतरलं होतं आणि कालवांच्या शेतांमध्ये ट्रॅक्टर फिरत होते. त्याहून पुढे बादल्या घेतलेली माणसं, वाकून वाळू उकरणारी. पायी मासेमारी म्हणतात त्याला. एवढी मोठी ओहोटी मोजक्याच दिवशी लागते, म्हणून लोक वाट बघून असतात. एका आजोबांनी बाबांना बादली दाखवली: तिसऱ्या! सोबत प्लास्टिकची एक पट्टी, तिच्यात वेगवेगळ्या मापांच्या खाचा. मापाहून लहान निघालेली परत सोडायची. भाषेचा एक शब्द न कळता दोघं पंधरा मिनिटं बोलले. माझी गरज पडली नाही.

निघताना बाईंचा निरोप घेतला, तर शेवंतीची कुंडी फाटकाशी नव्हती. मी विचारलं नाही.

सां-मालोहून दिनारला जाणारा रस्ता रांस नदीच्या मुखावरच्या धरणावरून जातो. भरती-ओहोटीवर वीज करणारं हे केंद्र १९६६ पासून चालू आहे, २४ टर्बाइन, २४० मेगावॉट. ४५ वर्षं जगात सगळ्यात मोठं हेच होतं, मग कोरियाने मागे टाकलं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक डोळ्यांना दिसतो. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

त्यापुढचे दोन दिवस पाऊस. वायपर, गोल चौक, पुन्हा वायपर. ब्रिटनीत टोल नाही हे एक सुख. रोस्कोफला गुलाबी कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसल्या, थेट अलिबागच्या पांढऱ्या कांद्यांसारख्या, आणि बाबांना एकदम घरचं कोणी भेटल्यासारखं झालं. १८२८ पासून इथले शेतकरी हे कांदे होडीत भरून इंग्लंडला विकायला नेत. कुठेच काही उघडं नसलं तरी क्रेपचं एखादं दुकान सापडायचंच. कुट्टूच्या पिठाची गालेत, काळसर, जाळीदार, कडा कुरकुरीत. "घावन," बाबा म्हणाले. मी म्हटलं, घावन तांदळाचं. "भिडं तापलेलं असलं की झालं." तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी आत अंडं-चीज नको, नुसतं लोणी आणि गूळ हवा म्हणून सांगायला लावलं. गूळ मिळाला नाही.

कार्नाकला ऑफ सीझनचा खरा फायदा झाला. साडेसहा हजार वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या तीनेक हजार दगडांच्या त्या रांगा उन्हाळ्यात कुंपणाबाहेरून बघाव्या लागतात, आत जायचं तर मार्गदर्शकाबरोबर. थंडीत फाटक उघडं असतं. ओल्या गवतातून, धुक्यात, आम्ही दोघं आणि एक कुत्रं घेऊन आलेली बाई, बस. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत आलेली जागा, आणि तिकीट नाही. बाबा एका रांगेतले दगड मोजायला लागले. एकशे चाळीसच्या पुढे कुत्रं आडवं आलं आणि हिशेब चुकला.

११ नोव्हेंबरसाठी त्यांनी ग्वाचा रस्ता राखून ठेवला होता. न्वारमूतिए बेटाला जोडणारी ही चार किलोमीटरहून थोडी लांब फरसबंद वाट दिवसातून दोनदा समुद्राखाली जाते. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास, एवढाच वेळ ती ओलांडायची. उशीर झालेल्यांसाठी मध्ये मध्ये उंच खांब, त्यांना शिडी आणि वर पिंजऱ्यासारखी जागा. १९९९ च्या तूर द फ्रान्समध्ये इथल्याच निसरड्या दगडांवर सायकली एकमेकींवर पडल्या होत्या. बाबांनी आदल्या रात्री सप्तमीचा हिशेब केला, इथल्या बंदराचा नवा अधिकचा आकडा काढला: साडेतीनच्या सुमारास ओहोटी. म्हणजे पाचपर्यंत वाट मोकळी.

सकाळी एका गावात युद्धविरामदिनाचा कार्यक्रम चालू होता. चौकातल्या स्मारकापुढे वीस-पंचवीस माणसं, एक बिगूल, महापौर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं वाचत होते. एकाच आडनावाचे तिघं. प्रत्येक नावानंतर शाळेतली मुलं एका सुरात म्हणत, फ्रान्ससाठी गेले. अर्ध्यातून गाडी काढणं बरं दिसेना. थांबलो.

मग पेट्रोल. सुट्टीचा दिवस, पंपावर माणूस नाही, नुसतं यंत्र. ही यंत्रं भरण्याआधीच खात्यातली मोठी रक्कम अडकवून ठेवतात. पहिल्यांदा कार्ड घेतलं, रक्कम अडकली, नळी चालू होईना. दुसऱ्या पंपावर पुन्हा तेच. तिसऱ्या ठिकाणी बँकेने दिवसाची मर्यादा संपल्याचं कळवलं, आणि टाकीत एक लिटर पेट्रोल गेलेलं नव्हतं. बाबांचं भारतातलं कार्ड तिथे चाललंच नाही. शेवटी मागे उभ्या असलेल्या एका मुलीने स्वतःच्या कार्डावर भरून दिलं आणि मी तिला रोख दिले. या सगळ्यात पाऊण तास गेला. बाबा घड्याळ बघत होते, एक शब्द न बोलता, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

ग्वाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा सव्वापाच झाले होते. सूर्य बुडायला आलेला. पाटीवर वेळा लिहिलेल्या, पलीकडे रस्ता समुद्रात सरळ उतरत गेलेला. पहिला भाग ओला आणि चकचकीत, शेवाळाच्या झिपऱ्या. दोनशे-तीनशे मीटरवर एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला ओलांडत होतं, अगदी पातळ, अंगणात सांडल्यासारखं. बेटाकडून शेवटची गाडी बाहेर पडली, चाकांतून पाण्याच्या दोन रेघा ओढत. चालवणाऱ्याने आमच्याकडे बघून नुसती मान हलवली.

"भांगाचं पाणी आहे, हळू चढेल," मी म्हटलं. आता तिथीवर बोलणारी मी होते.

"मधल्या दोन तासांत धावतं ते. भांग असो नाहीतर उधाण." बाबा खाली उतरले, रस्त्याच्या कडेला एका दगडाशी उकिडवे बसले. पाणी दगडाच्या निम्म्यापर्यंत होतं. त्यांनी घड्याळ काढून हातात धरलं. पाच मिनिटांनी दगड दिसेनासा झाला. ते उठले, गुडघे झाडले.

पुलावरून गेलो. १९७१ पासून बेटाला पूल आहे, त्यामुळे अडत काहीच नाही. पलीकडच्या बाजूने परत ग्वाच्या टोकाशी आलो, तोवर अंधार पडला होता आणि रस्त्याच्या जागी फक्त खांबांची रांग पाण्यात उभी होती.

"उद्या सव्वाचार," बाबा म्हणाले.

"उद्या अकराला नांतला गाडी द्यायची आहे."

त्यांनी पंचांग उघडलं, गाडीतल्या दिव्याखाली धरलं. "पुढची पौर्णिमा मार्गशीर्षात," म्हणाले. "माझा व्हिसा कधीपर्यंत आहे?"